पिशवीबाई आणि चव्वेचाळीस पायऱ्या

तिच्याकडे पहिल्यांदा गेलेला माणूस हमखास चिडायचा. गुडघा धरून, कंबर धरून, मान एका बाजूला कलती ठेवून तो बिचारा कसाबसा दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या त्या लांबट खोलीत पोचायचा, आणि ही बाई त्याच्या गुडघ्याकडे ढुंकूनही न बघता विचारायची, "पिशवी कुठे आहे?" कसली पिशवी म्हटलं की शांतपणे सांगायची, "घरात तुम्ही जी गोळी घेता, जे औषध पिता, जे मलम चोळता, शेजारणीने दिलेली पावडरसुद्धा, ते सगळं एका पिशवीत घालून आणायचं. चिठ्ठी नको. चिठ्ठीत डॉक्टर काय म्हणाले ते असतं, पिशवीत तुम्ही काय करता ते असतं." मग तो माणूस वाटेत भेटेल त्याला सांगत सुटायचा, की व्यायाम शिकवणारी बाई औषधं तपासायला मागते, आता उद्या न्हावी दात बघायला मागेल.

दुसऱ्या खेपेला मात्र पिशवी घेऊन यायचा. सगळेच यायचे. तिचं नाव पिशवीबाई पडलं ते असं, आणि ते इतकं घट्ट चिकटलं की वरच्या मजल्यावरच्या नर्सही फोनवर "पिशवीबाईंना द्या" म्हणायच्या. तिला ते ठाऊक होतं. त्याचं तिला काही वाटत नसे.

दिसायला बाई अगदी साधी. ठेंगणी, केस मागे करकचून बांधलेले, पायात चपट्या तळाचे बूट, मनगटावर सेकंदाचा काटा असलेलं पुरुषी घड्याळ. खोलीही तशीच. मधोमध धरून चालायचे दोन समांतर दांडे, समोर पाऱ्याचा मुलामा कोपऱ्यात उडालेला मोठा आरसा, एक जाग्यावरची सायकल, रेक्झिनचे तीन पलंग आणि कुठेही न जाणारा चार पायऱ्यांचा लाकडी जिना. त्या जिन्यावरून चढून पलीकडे उतरायचं आणि परत फिरायचं. एवढ्याशा जागेत तिने पंचवीस वर्षं काढली आणि किती माणसं पायावर उभी केली याचा हिशेब तिने ठेवला नाही, दवाखान्याने तर मुळीच नाही.

पण ही पिशवीची सवय तिला जन्मजात नव्हती. तिला ती लागली एका चुकीपायी, आणि ती चूक ती स्वतःहून सांगायची. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिच्याकडे एक हेडमास्तर आले होते. हृदयाचं दुखणं होऊन गेलेलं, आता हळूहळू सायकल मारून दम वाढवायचा. नाडी अमुक आकड्यापर्यंत चढली की बस, हे तिने पुस्तकात वाचलेलं. ती नाडी मोजत होती, आणि नाडी काही चढेना. मग ती म्हणाली, "सर, अजून थोडं जोरात." पुन्हा मोजली, पुन्हा तेच. "सर, अजून थोडं." मास्तर घामाघूम झाले होते, ओठ पांढरे पडले होते, पण जन्मभर मुलांना अर्ध्यावर सोडू नका म्हणून सांगत आलेला माणूस, तो कशाला थांबतोय? ते सायकलवरून सरळ खाली कोसळले. भुवईला चार टाके पडले. ते रोज सकाळी जी गोळी घेत होते ती हृदयाची धाव आवरून धरणारी होती. तिच्यामुळे मास्तरांची नाडी जीव गेला तरी त्या आकड्याला पोचणार नव्हती. पुस्तकातला आकडा गोळी न घेणाऱ्या माणसाचा होता. टाके घातलेल्या भुवईनेच मास्तर तिला म्हणाले, "तुमचं गणित बरोबर होतं, बाई. फक्त तुम्ही माझ्याकडे बघायच्याऐवजी घड्याळाकडे बघत होता."

ती त्या दिवशी घरी जाऊन खूप रडली. रडून झाल्यावर मात्र तिने जे केलं ते करणारी माणसं फार थोडी. दवाखान्याच्या फाटकासमोर एका म्हाताऱ्या केमिस्टचं दुकान होतं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती तिथे गेली आणि म्हणाली, "मला औषधं शिकायची आहेत. विकायची नाहीत." केमिस्टआजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. आजोबा तुसडे म्हणून प्रसिद्ध होते. ते म्हणाले, "शिकवतो. पण फुकट नाही. मी चाळीस वर्षं गोळ्या देतोय आणि माणूस दुकानाची पायरी उतरला की त्याचं काय होतं ते मला कळत नाही. मी सांगेन गोळी काय करते. तुम्ही मला सांगायचं, ती घेतलेला माणूस चालतो कसा."

असा सौदा ठरला आणि तो दोन वर्षं चालला. दर सुट्टीला ही गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर बसायची. आजोबा म्हणायचे, ही रक्तदाबाची. ती म्हणायची, ही घेणारी माणसं खुर्चीतून दोनदा उठतात. पहिल्यांदा उठतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, बसतात, मग पुन्हा उठतात. आजोबा म्हणायचे, ही रक्त पातळ ठेवणारी. ती म्हणायची, तरीच त्या नळदुरुस्तीवाल्याच्या पाठीवर माझ्या बोटांचे निळे ठसे उमटले होते. आजोबा तेवढ्यासाठी हातातलं गिऱ्हाईक थांबवून ठेवायचे. तिच्या वहीत औषधांची नावं थोडी आणि तास जास्त असायचे. घेतल्यावर अर्ध्या तासाने काय, दोन तासांनी काय, उतरल्यावर काय. "औषध म्हणजे पाहुणा," ती पुढे आपल्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना सांगायची. "कधी येतो, कधी जातो आणि घरात कुठे बसतो, हे ठाऊक नसेल तर घरात वावरायचं कसं?"

घरी तिच्या नवऱ्याचे मात्र हाल. बिचाऱ्याला साधी सर्दी झाली तरी तो गोळी बुटांच्या खोक्यात लपवून ठेवायचा, कारण सापडली की ही त्याला फरशीच्या रेघेवरून सरळ चालून दाखवायला लावायची. "मी लग्न केलं तेव्हा ही फक्त मान मोडायची," तो पाहुण्यांना सांगायचा. तो हे कौतुकानेच सांगायचा, आणि तीही त्याच्याकडे रागाने बघायचं सोंग तेवढ्याच कौतुकाने करायची.

एक गोष्ट मात्र तिने कधी केली नाही. कुणालाही ती "ही गोळी बंद करा" म्हणाली नाही. पेशंटने गळ घातली तरी नाही. "औषध देणं न देणं माझं काम नाही. माझं काम बघणं," ती म्हणायची, आणि मग डॉक्टरांना तीन ओळींची चिठ्ठी पाठवायची. गोळी किती वाजता घेतली, मी किती वाजता पाहिलं, काय पाहिलं. शेवटी सही. सल्ला नाही, शहाणपण नाही. काही डॉक्टरांच्या ती चिठ्ठी डोक्यात जायची. पण खोटं काढता येईल असं तिच्यात काही नसायचं, त्यामुळे आज ना उद्या ते जिना उतरून खाली यायचे.

पेंटरकाका तिच्याकडे आले तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. काका म्हणजे घरं रंगवणारा माणूस. पंचेचाळीस वर्षं शिडीवर उभं राहून त्यांनी दुसऱ्यांची छतं रंगवली आणि एका सकाळी स्वतःच्या घरात, सपाट जमिनीवर, चहाचा कप हातात असताना डावी बाजू लुळी पडली. जीव वाचला, बोलणं जड झालं तरी राहिलं, हातात थोडी धुगधुगी आली. डावा पाय मात्र लाकडासारखा ताठ झाला. गुडघा वाकेना, टाच टेकेना. सोबत काकू. काकू बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगण्याआधीच पिशवी पलंगावर उपडी केली आणि म्हणाल्या, "घ्या बघून. सकाळच्या डावीकडे, संध्याकाळच्या उजवीकडे. एक चुकली तर माझं नाव बदला."

काकूंना एवढी घाई होती त्याला कारण होतं. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, पायऱ्या चव्वेचाळीस. सध्या दोघं काकूंच्या बहिणीच्या तळमजल्यावरच्या खोलीत राहत होते, पण बहिणीची लेक पुढच्या महिन्याच्या अखेरीस बाळंतपणाला येणार होती आणि खोली तिला लागणार होती. तळमजल्यावर भाड्याने जागा बघून बघून मुलाने हात टेकले होते. मुलगा दुसऱ्या गावी दोन खोल्यांत बायको-मुलांसह राहणारा. वाईट नव्हता. त्याने एका निवासगृहात तळमजल्यावर वडिलांसाठी खोली बघून ठेवली होती. तिथे व्यवस्था चांगली होती, पण फक्त आजाऱ्यांनाच ठेवून घेत. काका तिथे गेले की काकू तिसऱ्या मजल्यावर एकट्या, आणि भेटायचं ते आठवड्यातून दोनदा, चार ते सहा. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात दोघं एकमेकांना सोडून एक रात्र राहिले नव्हते.

"म्हणजे चव्वेचाळीस," पिशवीबाई म्हणाली.

"चव्वेचाळीस," काका जड जिभेने म्हणाले. "मोजल्यात मी. रंगवल्यात पण मीच."

काम सुरू झालं. आधी दांड्यांमध्ये उभं राहणं, मग चालणं, मग त्या लाकडी जिन्याच्या चार पायऱ्या. चढताना चांगला पाय आधी, मग दुखरा वर ओढायचा. पिशवीबाई काकांच्या कमरेला रुंद पट्टा बांधायची आणि मागून तो धरून ठेवायची. उतरणं अडलं. घरच्या जिन्याचा कठडा चढताना उजव्या हाताला. म्हणजे उतरताना तो लुळ्या हाताला येणार. ती दोन दिवस यावर डोकं खाजवत होती. तिसऱ्या दिवशी काका दांडा धरून पाठमोरे झाले आणि म्हणाले, "बाई, शिडीवरून कोणी तोंड पुढे करून उतरतं का?" आणि ते उलटे, चांगल्या हाताने धरून, एकेक पाऊल चाचपत खाली आले. चार पायऱ्या. ती बघतच राहिली. पंचवीस वर्षांत तिला कुणी इतकं झटकन शिकवलं नव्हतं, आणि हे तिने काकांना तिथल्या तिथे बोलून दाखवलं.

तीन आठवड्यांत काका एका दमात बारा पायऱ्या चढू लागले. मग एक दिवस अचानक चारच.

दुसऱ्या दिवशीही चार. गुडघा मध्येच वाकायचा, काका पट्ट्यात लोंबकळायचे. काकू मात्र खुशीत होत्या. "पाय बघा कसा मऊ पडलाय," त्या म्हणाल्या. "रात्री आता पेटके येत नाहीत. डॉक्टरांनी नवी गोळी दिलीय, ताठरपणा जायची. दिवसातून तीनदा." पिशवीबाईने पिशवी मागितली, नवी पट्टी हातात घेतली आणि काकांचा पाय दोन्ही हातांनी हळूच वाकवून पाहिला. पाय खरंच मऊ झाला होता. आणि तिथेच तिला काय घडलंय ते कळलं. काका इतके दिवस त्या ताठरपणावरच उभे होते. ताकद पायात अजून आलीच नव्हती. लाकूड झालेला पाय त्यांना काठीसारखा तोलून धरत होता. गोळीने ती काठी काढून घेतली होती.

पुढचे दोन दिवस तिने काकांना सकाळी दोनदा बोलावलं, एकदा गोळीच्या आधी, एकदा नंतर सव्वा तासाने. मग चिठ्ठी लिहिली. गोळीआधी अकरा पायऱ्या, गुडघा एकदाही वाकला नाही. गोळीनंतर सव्वा तासाने चार पायऱ्या, गुडघा तीनदा वाकला, काका पेंगुळलेले. सही.

डॉक्टर तरुण होते, हुशार होते आणि त्या दिवशी चिडलेले होते. चिठ्ठी हातात धरूनच ते खाली आले. "मॅडम, ताठरपणा हा आजार आहे. तो कमी केला तर तुमची तक्रार काय?"

"तक्रार नाही," ती म्हणाली. "तुम्ही फक्त इथे उभे राहा आणि बघा."

डॉक्टरांनी पाहिलं. मग काकांच्या गुडघ्यामागे स्वतःचा हात ठेवून पुन्हा पाहिलं. शेवटी म्हणाले, "रात्रीची राहू दे, पेटके येतात त्यासाठी. दिवसाच्या दोन्ही हळूहळू कमी करू. एकदम नाही सोडायची ही, झटके येऊ शकतात. मी लिहून देतो कशी कमी करायची ते." आणि दाराशी जाऊन परत वळून म्हणाले, "बरं झालं कळवलंत." आपलं चुकलं हे पेशंटसमोर कबूल करणारा डॉक्टर तिला आवडायचा. या मुलाबद्दलचं तिचं मत त्या दिवसापासून चांगलं झालं.

दहा दिवसांत गोळी उतरली आणि काका चढले. पंधरा, वीस, मग दवाखान्याच्या खऱ्या जिन्यावर एक पूर्ण मजला आणि वर विश्रांतीला खुर्ची. मुलाने कळवलं की तो येतोय. निवासगृहाने खोली फक्त दोन दिवस धरून ठेवली होती. बाबा दवाखान्याचे दोन उंच मजले, म्हणजे घराएवढ्याच पायऱ्या, चढून दाखवतील तर घरी नेऊ, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोलीला हो म्हणायचं, असं त्याने सरळ सांगितलं. त्यात वावगं काही नव्हतं.

ठरलेल्या दिवशी साडेदहाला सगळे जिन्यापाशी जमले. मुलगा हातात हेल्मेट घेऊन उभा, काकू पदराचं टोक पिळत. काका चढायला लागले. पाचवी पायरी, सहावी. पिशवीबाईला पट्ट्यातून काहीतरी वेगळं जाणवलं. काका जड लागत होते. "काका, थांबा," ती म्हणाली, तोवर सातव्या पायरीवर गुडघा सपकन दुमडला. तिने पट्टा दोन्ही हातांनी ओढला, स्वतःची मांडी त्यांच्याखाली सरकवली आणि दोघं पायरीवर बसले. लागलं कुणालाच नाही. पण काकांचं डोकं तिच्या खांद्यावर आलं आणि ते झोपाळू आवाजात म्हणाले, "आज जिना हलतोय."

मुलाच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्ही खूप केलंत. आम्ही विसरणार नाही. पण आता मला ठरवू द्या."

तिने काकांना व्हीलचेअरवर बसवलं, डॉक्टरांना खाली बोलावलं, आणि काकूंना म्हणाली, "काकू, पिशवी."

काकूंनी पिशवी दिली. कमी केलेल्या गोळ्या काकूंनी टाकून दिल्या नव्हत्या. त्या वेगळ्या पुडीत बांधून ठेवल्या होत्या. पुडी उघडी होती. पिशवीबाईने मोजल्या आणि काकूंकडे पाहिलं. आणि कधी कुणापुढे मान न झुकवणाऱ्या काकू रडायला लागल्या.

"दोन दिल्या मी," त्या म्हणाल्या. "सकाळी नऊला. आजचा दिवस एवढा महत्त्वाचा, मला वाटलं पाय मऊ असला तर वाकेल, वाकला तर चढेल. पहिल्यांदा गोळी दिली तेव्हा केवढा बरा वाटला होता पाय हाताला. रोज मीच तर चोळते. लाकूड होतं हो ते, लाकूड."

मुलगा "आई" एवढंच म्हणाला, पण ते अशा स्वरात की काकूंनी तोंड फिरवलं.

आता बोलायला पिशवीबाईजवळ पुष्कळ होतं. औषधाच्या बाबतीत ती कुणाची गय करत नसे. तिने वकिलांना झाडलं होतं, एकदा एका नगरसेवकाला झाडलं होतं. पण ती काकूंच्या समोर खाली जमिनीवर बसली. तिच्या लक्षात आलं होतं की गेल्या दोन आठवड्यांत तिने गोळीबद्दल डॉक्टरांना सांगितलं, काकांना सांगितलं, शिकाऊ मुलींना तर दोनदा समजावलं. जी बाई रोज ती गोळी हातात देते, तिला फक्त "डॉक्टरांनी कमी केलीय" एवढंच सांगितलं होतं. का, ते सांगितलंच नव्हतं.

"चूक माझी आहे, काकू," ती म्हणाली, आणि मुलाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "मी पिशवी रोज बघितली. ती भरणाऱ्या माणसाशी बोलले नाही. आता ऐका." आणि तिथेच, जमिनीवर बसून, तिने त्यांना सांगितलं की तो ताठ पाय काकांचा वैरी नव्हता, खरी ताकद येईपर्यंत तोच त्यांना उभं धरून होता, आणि गोळीला हे कळत नाही. गोळी ताठरपणाही सैल करते आणि ताकदही. काकूंनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच प्रश्न विचारला, "म्हणजे मी त्यांचा आधारच काढून घेतला?"

"आज. उद्या परत येईल."

डॉक्टरांनी काकांना तपासलं, रक्तदाब पाहिला, संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवायला सांगितलं. औषध उतरायला तेवढा वेळ लागणारच होता. पिशवीबाई मुलाजवळ गेली. "उद्या दुपारपर्यंत तुम्हाला सांगायचंय ना? मग मला सकाळ द्या. इथे नको. घरच्याच जिन्यावर. डॉक्टरांनी हो म्हटलं तरच. नाही जमलं तर मी स्वतः त्या निवासगृहाला फोन करते."

मुलाने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "सकाळी मी तपासतो, मग ठरवू." त्यांनी त्याहून जास्त आश्वासन दिलं नाही, आणि मुलाला तेच पटलं.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. डॉक्टरांचा होकार आल्यावर नऊ वाजता ती काकांच्या इमारतीखाली हजर होती. अरुंद जिना, भिंतीला काकांच्याच हातचा फिकट हिरवा रंग, प्रत्येक वळणावर एक खिडकी. मुलाने दोन्ही वळणांवर प्लास्टिकच्या खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. तिने न सांगता ठेवल्या होत्या, आणि तिला ते बरं वाटलं. तिने काकांच्या कमरेला पट्टा बांधला, ओढून पाहिला, आणि मग त्याची मागची पकड काकूंच्या हातात दिली.

"मी नको," काकू म्हणाल्या. "काल मीच—"

"तुम्हीच. मी तुमच्या मागे आहे. रोज तुम्हालाच धरायचंय. ओढायचं नाही, उचलायचं नाही, फक्त सोबत राहायचं."

काका चढायला लागले. चांगला पाय, मग दुखरा. मुलगा पुढे, काकू एक पायरी मागे, पिशवीबाई दोन. कोणी मोजत नव्हतं असं म्हणायला हरकत नाही, पण चौघांचेही ओठ हलत होते. पंधरावर पहिली खुर्ची. काका बसले, खिडकीबाहेर बघितलं, नाकाने श्वास घेतला, स्वतःच उठले. तिसावर दुसरी खुर्ची. तिथे गुडघा थोडा थरथरला आणि मुलगा वरून धावला. पिशवीबाईने हाताने त्याला थांबवलं. काकूंच्या बोटांची नखं पांढरी झाली होती, पण त्यांनी पट्टा ओढला नाही. काका म्हणाले, "भिंतीला रंगाचा दुसरा हात द्यायला हवाय." मग उरलेल्या चौदा. चौदाव्या पायरीवर काका उभे राहिले, दाराच्या चौकटीला हात लावून. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला जो एकच धड हात होता, तो त्यांनी चौकटीवरून काढला नाही.

आत खुर्चीत टेकल्यावर ते म्हणाले, "आता मला दोन दिवस कोणी खाली बोलावू नका."

"उद्या दहाला उतरायचंय," पिशवीबाई म्हणाली. "उलटं. मी येते." आणि काकूंना बाजूला घेऊन तिने गोळ्यांच्या वेळा पुन्हा एकदा त्यांच्याच तोंडून म्हणवून घेतल्या. कोणती का, हेही. काकू एकाही ठिकाणी अडल्या नाहीत.

मुलगा फोन घेऊन खिडकीशी उभा होता. निवासगृहातली बाई पलीकडून काहीतरी विचारत होती. "हो, रद्दच करा," तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "कारण? कारण लिहा, वडील घरी आलेत."

"काय म्हणालास?" काकूंनी आतून विचारलं. ऐकू आलं नव्हतं असं नाही.

मुलाने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.